सावळीखोऱ्याचा कारभारी

कोल्हापुरात कुणालाही मोगल व्हायला सांगून बघा. माणूस तुम्हाला जेवायला घालील, आपली मोटरसायकल देईल, पण मोगल व्हायचा नाही. उन्मेष सबनीसच्या खेळाचं घोडं अडलं ते नेमकं इथंच.

त्याचं असं झालं. सत्त्याण्णव सालच्या सुमाराला उन्मेष बँकेकडून ट्रेनिंगसाठी विलायतेला जाऊन आला. लोक तिकडून सेंट आणतात, साबण आणतात. यानं आणली नियमांची एक चोपडी. तिकडं म्हणे चांगली जाणती माणसं टेबलावर डोंगर-नद्या मांडतात, बोटाएवढे शिपाई उभे करतात, टेपनं चाल मोजतात आणि फासे टाकून लढाया खेळतात. राजारामपुरीत उन्मेषच्या गच्चीवर एक खोली होती आणि तिच्यात पाय डुगडुगणारं टेबल-टेनिसचं टेबल. शिपायांची तर चिंताच नव्हती. दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभार गल्लीत मातीचे मावळे टोपल्यांनी मिळतात. नियमांचं मराठी उन्मेषच्या बायकोनं केलं. वल्लरी कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि खेळात नवऱ्यापेक्षा काकणभर सरसच होती. उद्यमनगरात फौंड्री असलेले सयाजीराव चव्हाण नुसते बघायला म्हणून आले आणि तिथलेच झाले. चौथा गडी प्रसेनजीत कुरणे, उन्मेषचा शाळेपासूनचा मित्र.

दर रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या वाट्याला मोगल यायचे त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. एकदा सयाजीरावांवर ती पाळी आली. त्यांची फौज गडाच्या दारात पोचली, दार फुटलं, आत मोजके मावळे उरलेले. आणि सयाजीरावांनी सगळी फौज मागं वळवून ओढ्यात नेऊन उभी केली. उन्मेषनं विचारलं, हे काय? सयाजीराव म्हणाले, "न्हाय बा. हात उचलत न्हाय माझा."

मग काय, सगळ्यांनाच वाट सापडली. मोगल झालेला माणूस ठरवून हरायचा, मावळे झालेला न लढताच जिंकायचा, आणि चहा पिऊन सगळे खुशीत घरी जायचे. भक्ती भरपूर, खेळ शून्य. हळूहळू कुणाला रविवारी लग्न निघायला लागलं, कुणाला पाहुणे यायला लागले. उन्मेषनं टेबलावर जुनी चादर टाकली, तेव्हा प्रसेनजीत म्हणाला, "मोगल बी नको आन् मावळं बी नको. मुलूखच दुसरा घेऊया."

हा प्रसेनजीत म्हणजे कमी बोलणारा, उंच, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला माणूस. मूळ घर मुरगुडाकडचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरात जन्मलेलं हे पहिलं पोर, म्हणून आजोबांनी हौसेनं बुद्धाच्या काळच्या राजाचं नाव ठेवलं. नोकरी मात्र पाटबंधारे खात्यात ट्रेसरची. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ उतरवायची. उमेदीची सगळी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या नद्या आणि दुसऱ्यांचे डोंगर गिरवण्यात घालवली होती. आता त्याला पहिल्यांदा स्वतःची नदी काढायची होती, आणि तो तिच्यामागं असा लागला की कळंब्याच्या त्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरेना. त्याची बायको संघप्रिया सीपीआर दवाखान्यात नर्स. ती म्हणायची, बाकीच्यांचे नवरे घरात जमीन आणतात, माझ्यानं मुलूख आणलाय आणि झोपायला पलंग ठेवला नाही.

दोन महिन्यांनी टेम्पोत तीन प्लायवूड बांधून तो राजारामपुरीत हजर झाला. फळ्या टेबलावर जोडल्या आणि सगळे खाली वाकून बघायला लागले. रद्दीतल्या फायलींचे पुठ्ठे उंचीच्या रेषांबरहुकूम कापून एकावर एक चिकटवलेले, त्यावर प्लास्टर, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा. डोंगर खरोखरीचे डोंगर दिसत होते. मधून सावळी नदी. तीन गड, तीन सरदार, आणि वाईट त्यातला कुणीच नाही. एकाकडं पाणी होतं, एकाकडं भात, आणि एकाकडं घाटाची वाट. भांडायला तेवढं पुरतं. कोल्हापूरकराला त्याहून कमीही पुरतं.

पण खरी करामत पुढंच होती. प्रसेनजीतनं दोन नियम सांगितले. पहिला, झालेलं पुसायचं नाही. दर रविवारी नवा डाव मांडायचा नाही; मागच्या रविवारी पूल तोडला असेल तर या रविवारी नदी पोहूनच उतरायची. दुसरा, ज्याला माणूस म्हणून उभं केलंय त्याला नाव असलंच पाहिजे. प्रत्येक शिपायाच्या पायाखाली त्यानं बारीक अक्षरात नाव लिहिलं होतं. गावांना नावं होती, गावाबाहेरच्या वस्त्यांना होती, बंधाऱ्यावरच्या राखणदाराला होतं.

आणि खेळ सुरू होण्याआधी तो खबर वाचायचा. ऑफिसातल्या बिघडलेल्या प्रिंटांच्या पाठकोऱ्या बाजूवर आठवडाभर लिहिलेली, त्या मुलुखाची खबर. वरच्या अंगाला बांध फुटलाय. सावळीचा नावाडी म्हणतो, फौज उतरवायला माझी ना नाही, पण नाव बुडाली तर दुसरी कोण देणार ते आधी बोला. ऐकताना सगळे हसायचे, आणि हसता हसता फौज उतरवणाऱ्याच्या लक्षात यायचं की नाव खरंच बुडेल. लोक वेळेआधी यायला लागले. प्रसेनजीत स्वतः कुठल्याच बाजूनं खेळत नव्हता. तो फासे बघायचा, निवाडा द्यायचा आणि खबर लिहायचा. सयाजीरावांनी त्याचं नाव कारभारी ठेवलं आणि तेच पडलं.

मी म्हणतो, याला खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तो मुलूख बघायला हवा होता. दिवसभर दुसऱ्याची रेघ गिरवून आलेला माणूस संध्याकाळी बसून अख्खं खोरं वसवतो, त्यातल्या नावाड्याच्या पोटाची काळजी करतो, आणि ते सारं चार मित्रांचा रविवार सुखाचा जावा म्हणून. एवढं मोठं मन आणि एवढा निगुतीचा हात एका माणसात क्वचित सापडतो.

तीन वर्षं खोरं नांदलं. मग हरणटेक जळलं.

हरणटेक म्हणजे वल्लरीच्या गडाखालचं, सयाजीरावांच्या घाटाला लागून असलेलं छोटं गाव. तिच्या फौजेचं धान्य तिथून यायचं. सयाजीराव पेचात सापडले होते, आणि पेचातून सुटायची एकच वाट होती. त्यांनी घोडेस्वार घातले आणि गाव जाळलं. डाव बिनतोड होता; खुद्द वल्लरीनं दाद दिली. प्रसेनजीतनं ब्रश काढला आणि हरणटेकाची पाच-सहा घरं काळी केली.

पुढच्या रविवारी त्यानं खबर वाचली. तिच्यात ना रडारड होती, ना उपदेश. नुसती नावं, आणि कोण काय करत होतं ते. विठाबाई जात्यावर बसली होती. तानाबाई लेकीची वेणी घालत होती. बाळासो म्हातारा उठून उभा राहीपर्यंत दार पडलं. असं एकेक. सयाजीराव उभे राहिले.

"प्रसेनराव, मी हितं खेळाय येतोय. लढाई म्हटल्यावर गाव जळणारच की. ह्यो खेळ हाय का सुतक?"

"लढाई तुमीच जिंकलाय," प्रसेनजीत म्हणाला. "त्ये बी लिवलंय खाली."

सयाजीराव चपला घालून निघून गेले. त्यांचे शिपाई होते तिथंच राहिले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. तिघांच्या मुलुखातला एक सरदार उठून गेला की बाकीच्यांना पाऊल टाकता येत नाही. घाटाची वाट त्यांची होती. खोरं जागच्या जागी थिजलं.

शेवटी उन्मेष कळंब्याला गेला. तळ्याच्या बांधावर दोघं बसले. उन्मेषनं सगळं समजुतीनं सांगितलं. सयाजीला त्याच्या फौंड्रीतल्या माणसाकडून विचारलं होतं. तो यायला तयार आहे, पण ते काळं गाव डोळ्यांसमोर नको म्हणतो. हिरवा रंग आहेच, एक ब्रश फिरवला की झालं.

"प्लायवूड आहे रे ते," उन्मेष म्हणाला. "तेवढ्यासाठी सगळा खेळ मोडणार का?"

मग प्रसेनजीतनं कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरी नवी होती तेव्हा त्याच्या टेबलावर एका धरणाचा नकाशा आला होता. पाणी कुठवर चढणार तेवढा भाग निळ्या रंगानं भरायचा होता. त्यात एक गाव होतं, त्याला नाव होतं. गावाबाहेर चार चौकटी होत्या, त्यांना नाव नव्हतं. त्यानं निळा रंग भरला. कुठं डाग नाही की ओघळ नाही. साहेबांनी ऑफिसभर तो कागद दाखवला. घरी येऊन त्यानं आईला कौतुकानं सांगितलं. आई, सोनूबाई, भाकरी थापत होती. तिचं माहेर मलकापूरच्या वरच्या अंगाला. तिनं गावाचं नाव ऐकलं आणि त्या चार चौकटींत कोण कोण राहतं ते एकेक करून सांगायला लागली. भाकरी तव्यावर करपली तरी तिची माणसं संपली नव्हती.

"त्यो रंग माझ्या हातचा हाय, उन्मेष. तवापास्नं नाव घातल्याबिगर मी घर काढत न्हाय. आन् काढल्यालं घर पुसत बी न्हाय. सयाजीराव आलं न्हाईत तर खेळ मोडंल. मला लई वाईट वाटंल. पर पुसणार न्हाय."

त्याला खरोखरच फार वाईट वाटत होतं. चौघांत सयाजीरावच असा गडी होता, ज्याला टेकडी म्हणजे टेकडीच वाटायची. चढण आली की त्यांना स्वतःलाच धाप लागायची. अशा माणसासाठीच तर मुलूख वसवावा. प्रसेनजीत दर रविवारी गच्चीवर जायचा, डोंगरांवरची धूळ मऊ फडक्यानं पुसायचा, सयाजीरावांच्या शिपायांना धक्का न लावता त्यांच्या भोवतीची जागा झाडायचा आणि परत यायचा. ब्रश त्याच्या खिशात असायचा.

खंडेनवमीला फौंड्री बंद असते. यंत्रांना हार घालून, पेढे वाटून सयाजीराव त्या दिवशी अचानक गच्चीवर आले. हातात कापडी पिशवी. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर मोकळी केली. ॲल्युमिनियमच्या भंगारातून ओतलेली बोटभर माणसं होती ती. डोक्यावर घागर घेतलेली बाई, काठी टेकलेला म्हातारा, जात्यावर बसलेली एक, कडेवर पोर घेतलेली एक, आणि दोन शेळ्या. साचे त्यांनी स्वतः केले होते. कडा घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"माझी फौज ह्या डावाला लढणार न्हाय," ते म्हणाले. "गाव बसवणार."

आणि घागरवाली बाई त्यांनी काळ्या जागेवर ठेवली. प्रसेनजीतनं हात आडवा केला. "तितं न्हाय, सयाजीराव. जळल्याली जागा तशीच ऱ्हाईल. शेजारी बसवा."

उन्मेषला वाटलं, आता हा पुन्हा जाणार. सयाजीरावांनी काळ्या घरांकडं बघितलं. मग बाईला उचलून ओढ्याच्या पलीकडं, वीतभर अंतरावर नेऊन उभं केलं. बाकीची माणसंही तिथं मांडली आणि विचारलं, नावं काय घालणार?

"तुमी घाला," प्रसेनजीत म्हणाला.

सयाजीराव किती तरी वेळ घागरवाल्या बाईकडं बघत राहिले. "हिचं झुंबरबाई," ते म्हणाले. ते त्यांच्या आईचं नाव होतं.

त्यानंतर खोरं आणखी दीड-दोन वर्षं चाललं आणि निकालाच्या तोंडाशी आलं. ज्याच्या हाती घाट राहील त्याचं खोरं, असा डाव येऊन ठेपला होता. उन्मेषचे स्वार सयाजीरावांच्या गडावर चालून आले. गडावर माणूस कमी होतं. नव्या हरणटेकात राखणीला ठेवलेली तुकडी वर बोलावली असती तर गड वाचत होता, आणि गड वाचला असता तर इतक्या वर्षांचा खेळ सयाजीराव जिंकत होते. पण तुकडी हलली की स्वारांची वाट गावातून जात होती. उन्मेषनं ते लपवलं नाही. मी गावातूनच येणार, असं त्यानं आधीच सांगून टाकलं.

सयाजीरावांनी टेप लावला. काढला. पुन्हा लावला. मग टेप गुंडाळून खिशात घातला.

"न्हाय," ते म्हणाले. "हिथनं हात उचलत न्हाय माझा."

हेच शब्द त्यांनी पूर्वी एकदा ओढ्यात फौज उभी करताना काढले होते. तेव्हा ते खेळ सोडून बोलले होते. आज ते त्या मुलुखात उभे राहून बोलत होते, आणि त्याची किंमत समोर दिसत होती. गड पडला. उन्मेष जिंकला, आणि टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

पुढच्या रविवारी डाव नव्हता. चौघं नुसती खबर ऐकायला जमले. प्रसेनजीतनं कागद उघडला. इतकी वर्षं त्याचा आवाज कधी हलला नव्हता. बाळासो म्हातारा दाराखाली गेला त्या दिवशीसुद्धा नाही. त्यानं पहिली ओळ वाचली. गड पडला, शिपाई खाली उतरून आले, आणि नव्या हरणटेकात त्यांच्यासाठी चुली पेटल्या. दुसऱ्या ओळीवर तो हलला. त्यानं चष्मा काढला आणि कागद सयाजीरावांकडं दिला.

सयाजीरावांचा आवाज फौंड्रीत कमावलेला. त्या आवाजात ते वाचायला लागले. झुंबरबाई पाणी घेऊन आली. म्हाताऱ्यानं शेळ्या बांधल्या. जात्यावरची बाई गात होती. गडावरून उतरलेल्यांत हा होता, तो होता, अशी एकामागून एक नावं येत गेली. कागद पाठपोट भरला होता, आणि सयाजीरावांनी एकही नाव गाळलं नाही, कारण या वेळी ती मेलेल्यांची नावं नव्हती; त्या दिवशी हरणटेकात कुणीच मेलं नव्हतं.