मी खोटीच बाहेर बसले

पहिल्या आठवड्यांत काय काय होतं ते कट्टा गावच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट सांगितलं होतं. उलट्या होतील, झोप आवरणार नाही, तोंडाला लोखंडाची चव येईल, वासाने जीव नकोसा होईल. सासूचं मात्र काही सांगितलं नव्हतं.

माझं पहिलं मूल दुसऱ्या महिन्यातच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं, यात कुणाची चूक नसते. सासू शेजारीच उभी राहून ऐकत होती. तिथे मान डोलावली आणि घरी आल्यावर वाडीभर सांगत सुटली, "गाडी उडवत शाळेत जाता, मगे काय होतला?" मी शाळेत शिकवते, स्कूटरने जाते. महिनाभरात अख्ख्या वाडीसाठी मी पोर गाडीवरून सांडून आलेली बाई झाले. समोर कुणी बोलत नव्हतं, पण मी किल्ली फिरवली की अंगणातल्या बायका गप्प व्हायच्या. नवरा म्हणाला, सोडून दे, तिच्या मनात काही नसतं. मी सोडलं नाही. डूख धरला.

वर्षाने पुन्हा दिवस गेले. नवऱ्याला शपथ घातली, आईला एक शब्द कळता कामा नये. आता सासू अशी, की वाडीत कुणाला दिवस गेले हे त्या बाईच्या आधी हिला कळायचं. आमच्याकडे पाळी आली की बाई बाहेरच्या खोलीत बसते, स्वयंपाकघराला आणि देवाला शिवत नाही. कोण बसली, कोण चुकली, यावर तिची बारीक नजर. मग मी खोटीच बाहेर बसले.

इतकं सुख मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं. झोपेने डोळे मिटत होते आणि झोपायला हक्काची चटई होती. सासू बांगडे तळायची तेव्हा मी दोन खोल्या पलीकडे. माझं ताट दाराशी सरकवताना ती म्हणायची, "परत?" आणि तिचं तोंड उतरायचं. हसू दिसू नये म्हणून मी मान खाली घालायची. मला दिवस जावेत म्हणून तिने देवळात जाऊन गाऱ्हाणंही घातलं. घालू दे, म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बसले. मग श्रावण लागला, घरात मासे बंद झाले, तो वासही गेला. उलट्या मी शाळेत काढायची. आणि रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत स्कूटर काढायची, डॉक्टरीणबाईंना विचारूनच.

गणपतीत वाडीतल्या बायका आमच्याकडे मोदकांना जमल्या. मी आडाळ्यावर बसून नारळ खवत होते. एका शेजारणीने मला निरखलं आणि सगळ्यांसमोर सासूला विचारलं, "सुनेक कितवो म्हयनो गो?"

जिला जगाचं कळायचं तिला स्वतःच्या घरातलं शेजारणीकडून कळलं. मी खवतच राहिले. फार बरं वाटलं.

बायका गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. डोळे भरले होते. "माका कित्याक सांगूक नाय गो?" म्हणाली आणि माझ्या पोटाकडे हात नेला. मी तो धरून बाजूला केला.

"आधी वाडीत जावन सांगा, पयला माज्या गाडयेमुळा जावक नाय म्हणान. मगे हात लावा."

वाटलं होतं, भांडेल. भांडली नाही. पदर खोचून चिखलातून एकेका दारात गेली. मी अंगणाच्या कडेला उभी राहून बघत होते. दारात ती बोलायला लागली की तिची मान खाली जायची. तिचं वय, तिचे गुडघे, सगळं मला दिसत होतं. शेवटचं घर टेकाडावर होतं, वाट शेवाळलेली. तिथे थांबून तिने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, एवढं एक राहू दे का, असं.

मी हाताने दाखवलं, वर.