तारीख न वाचलेला शिक्का

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज मतदानाची शाई बोटाला लागली आणि स्वतःचीच किळस आली.

करोनात मी आमच्या जयनगरच्या इमारतीचा सेक्रेटरी होतो. वरच्या मजल्यावरच्या अक्का शेवटच्या घटका मोजत होत्या. दुबईहून आलेला त्यांचा मुलगा फाटकाशी उभा राहिला. हातावर मतदानाच्याच शाईने मारलेला विलगीकरणाचा शिक्का होता.

"अण्णा, मुदत कालच संपली. स्वल्प, जरा तारीख बघा."

"शिक्का आहे ना? मग बाहेर! परदेशातून रोग घेऊन येतात लेकाचे!" मी नाकाला रुमाल धरून कुलूप लावलं.

पोलिसांनी तारीख वाचून ते उघडायला लावलं, तोवर अक्का गेल्या होत्या.

पुढे तो बाजारात भेटला. "माफ कर" अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "जेवण झालं?"