आधी तुमच्याकडे

घंटी एकदाच वाजवायची आणि दारापासून दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं, ही माझ्या एका जुन्या मित्राची पद्धत होती. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आतल्या माणसाला दार पुन्हा लावून घ्यायचं असेल, तर मध्ये माझा पाय नको."

रविवारी सकाळी साडेसातला ती घंटी वाजली, की समजावं: या आठवड्यात आपलं त्यांच्याशी भांडण झालेलं आहे आणि ते उपासनेला निघालेले आहेत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "सबनीस, आधी तुमच्याकडे. मग तिकडे." ज्याच्याशी बिनसलं आहे त्याची क्षमा मागितल्याशिवाय देवापुढे उभं राहायचं नाही, हा त्यांच्या धर्मातला नियम. तो पुष्कळांना ठाऊक असतो. दारोदार जाऊन तो पाळणारा मी हा एकच पाहिला.

मागच्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यांची शोकसभा झाली. मंडळाचे चिटणीस कुलकर्णी एका मोठ्या कंपनीत अधिकारी आहेत, वयाने माझ्याहून तीस वर्षांनी लहान. ते उठले आणि म्हणाले, "ते अजातशत्रू होते. आयुष्यात कधी कुणाशी भांडले नाहीत."

मी जागेवरूनच म्हणालो, "साफ खोटं आहे. कुलकर्णी, तुम्हाला काडीची माहिती नाही. खाली बसा." कुलकर्णी बसले. माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

अजातशत्रू! वाचकहो, हा माणूस दर आठवड्याला भांडत असे, आणि उत्तम भांडत असे. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आम्ही पुलांच्या विभागात अठरा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. ते मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. नकाशा कितीही वरून आलेला असो, स्वतःची पट्टी लावून प्रत्येक माप पाहिल्याखेरीज ते त्यावर सही करत नसत. वरिष्ठ खोळंबत आणि चिडत. यांचं उत्तर एकच: "मी पाहिलं नाही, तर सही नाही." त्यावरून आवाज चढत. रविवारी मात्र हे त्याच वरिष्ठांच्या बंगल्याच्या पायरीखाली उभे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही बालीगंजमधल्या एकाच इमारतीत राहिलो. इमारत जुनी, पाच मजल्यांची. तिची लिफ्ट जाळीच्या दरवाजाची, आणि लिफ्टमधल्या स्टुलावर वर्षानुवर्षं बसणारा हरिपद. रविवारी सकाळी हे लिफ्टमध्ये शिरले, की हरिपद गंभीर चेहऱ्याने विचारी, "आज किती मजले, बाबू?" हे बोटांवर मोजत. "दोन. आणि तुला परवा घाईत ओरडलो होतो, ते धरून अडीच."

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण तिचीही चुकीची आवृत्ती इमारतीत रूढ झाली आहे.

निवडणूक झाली तेव्हा आमच्या इमारतीचे दोन तुकडे झाले. तिसऱ्या मजल्यावरचे दुसऱ्या मजल्यावरच्यांबरोबर लिफ्टमध्ये पाऊल ठेवीनात. हरिपद सुट्टीच्या दिवशी हरलेल्या पक्षाच्या मिरवणुकीत गेला होता, आणि कुणीतरी त्याचा फोटो काढला होता. पाचव्या मजल्यावरचे सान्यालबाबू हे आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. निम्म्या गल्लीतल्या नव्या इमारती त्यांनीच बांधलेल्या, आणि जिंकलेल्यांकडे त्यांची ऊठबस. त्यांनी एक कागद तयार करून आणला: हरिपद दारू पिऊन कामावर येतो, हे आम्ही सर्व सभासदांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, सबब त्याला काढावं. सातही सभासदांच्या सह्या हव्या होत्या. काढल्यावर हरिपदची जिन्याखालची खोलीही जाणार होती.

आमच्या बाल्कन्या तेव्हा पडायला आल्या होत्या. दुरुस्तीची परवानगी कुठेतरी अडकली होती. सान्यालबाबू सहज म्हणाले, "हे एवढं आटपू या. परवानगी आठवड्यात आणतो."

सहा सह्या झाल्या. त्यांतली चौथी माझी. होय, माझी. इतरांच्या आवृत्त्या खोडून काढणाऱ्याने स्वतःची सही झाकू नये.

समितीच्या सभेत कागद माझ्या मित्रापुढे आला. त्यांनी तो दोनदा वाचला. "मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "मग सही नाही."

"अहो दादा, बाकी सगळ्यांनी पाहिलंय ना!" सान्यालबाबू हसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथे वर्णन करणार नाही. मग सान्यालबाबूंकडे वळून ते कडाडले, "एका गरिबाच्या पोटावर पाय देऊन तुम्ही वरच्यांची मर्जी मिळवताय. नीच माणूस आहात तुम्ही!" आणि खुर्ची मागे ढकलून निघून गेले.

इमारतीत आजही सांगतात, की पुढच्या रविवारी ते सान्यालबाबूंच्या दारात जाऊन नमले, घाबरले, पाया पडले. सांगणाऱ्यांपैकी तिथे एकही हजर नव्हता. मी होतो. सान्यालबाबूंच्या सोफ्यावर, त्यांचा चहा पीत. माझ्या बाल्कनीचं काम आधी करता येईल का, हे विचारायला गेलो होतो.

साडेसातला घंटी एकदाच वाजली. सान्यालबाबूंनी दार उघडलं. हे दोन पावलं मागे उभे.

"या, या!" सान्यालबाबूंचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे धरलं. "मला माहीत होतं, तुम्ही याल."

"चारचौघांत मी तुम्हाला 'नीच' म्हणालो," हे बाहेरूनच बोलले. "तो शब्द मी वापरायला नको होता. त्या शब्दाची क्षमा मागायला आलो आहे. सहीची नाही."

सान्यालबाबूंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मग आलात कशाला?"

"उपासनेला निघालोय. तुमच्याशी असं बोलून तिथे हात जोडता येत नाहीत. क्षमा करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. सही मात्र मी करणार नाही. उद्याही नाही."

मग त्यांचं लक्ष सोफ्याकडे गेलं. "अरे, सबनीस! बरं झालं, इथेच भेटलात. एक मजला वाचला. सभेत मी तुमच्याकडे जसं पाहिलं, तसं एका मित्राकडे पाहू नये. माफ करा मला."

अर्धा कप चहा तसाच ठेवून मी उठलो. लिफ्टमध्ये तिघेच होतो: ते, मी आणि स्टुलावरचा हरिपद. दुसऱ्या दिवशी मी समितीच्या कचेरीत जाऊन तो कागद मागितला आणि माझी सही आडवी रेघ मारून खोडली. शेजारी लिहिलं: मी पाहिलेलं नाही. आठवडाभरात तशाच आणखी दोन रेघा पडल्या. त्यांतली एक तिसऱ्या मजल्याची होती, एक दुसऱ्याची. कागद तिथेच थांबला.

बाल्कनीची परवानगी एका वर्षाने आली. तोवर आम्ही बांबूच्या टेकूंखालून ये-जा केली. सान्यालबाबू काही संत झाले नाहीत, तसं कुणी सांगितलं तर तेही मी खोडून काढीन. एवढंच घडलं: नाताळात माझ्या मित्राच्या घरून प्रत्येक मजल्यावर करंज्यांची ताटली जात असे. पाचव्या मजल्यावरून ती दरवर्षी नोकराच्या हाती रिकामी, धुतलेली परत येई. त्या वर्षी ती भरून आली. नव्या गुळाची संदेश ही बंगाली मिठाई होती, आणि ताटली घेऊन सान्यालबाबू स्वतः उभे होते. दारापासून अंतर ठेवून.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी माझा मित्र गेला, झोपेतच. रविवारी साडेसातला आता कुणाचीच घंटी वाजत नाही. मी त्या वेळी जागा असतो आणि कान देऊन बसतो, हे कबूल करायला हरकत नाही.

हे सारं काल रात्री लिहून ठेवलं होतं. आज रविवार. सकाळी लवकर उठून मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कुलकर्णींना "खाली बसा" म्हणालो, ते बरोबर नव्हतं. त्यांचं म्हणणं खोटंच होतं, आणि तेही त्यांना पुन्हा ऐकवणार आहे. क्षमा शब्दांची मागायची, मताची नव्हे.

सव्वासातला लिफ्टची जाळी सरकली. हरिपदने माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. स्टुलावरून उठून उभा राहिला.

"आज किती मजले, बाबू?"

"एकच," मी म्हणालो. "पण तो आपल्या इमारतीत नाही. मला खाली सोड."