तांब्याच्या गुंडातलं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डेपोतल्या सोबत्यांना नाही. एकाच माणसाला सांगितलं, तेही गेल्या महिन्यात, आणि ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्यानंतर सात वर्षांनी. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसं काही होत नाही.

माझं काम मापाचं. सिंदेवाहीच्या लाकूड-डेपोत सागाचे ओंडके येतात, त्यांची लांबी आणि गोलाई घ्यायची, घनफूट काढायचे. माझं माप कुणी पुन्हा घेत नाही. हमाल थट्टेने म्हणत, "भाऊच्या टेपाले देव पण हात लावत नाई." मी वरवर रागवायचो. पण ती थट्टा मला आवडायची — फार आवडायची. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या आवडण्यातूनच आलं.

कौसल्या माझी धाकटी बहीण. तिला आरमोरीकडे दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. सासू उठता-बसता म्हणायची, "हिले हातगुण नाई." तिने लावलेली वेल वाळली की हातगुण नाही. तिने विरजण लावलं आणि दही नीट लागलं नाही की हातगुण नाही. शेवटी त्यांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. तेव्हा आमचा चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. माझ्या बायकोला दिवस गेले होते, पहिलीच खेप. घरात दुसरी बाई असलेली बरी, असं मी म्हणालो. बहिणीसाठी म्हणालो की स्वतःच्या सोयीसाठी, ते आता नक्की सांगता येत नाही.

त्याच सुमारास बदली होऊन गेलेल्या एका रेंजरसाहेबाने एक काचेची पेटी मागे टाकली. त्यातले रंगीत मासे कधीच मेले होते. पेटी मी घरी आणली, खिडकीशी ठेवली, आणि विसरलो. कौसल्या विसरली नाही. ती तलावावर धुणं धुवायला जायची. एके दिवशी पाण्यात बुडालेली एक फांदी घेऊन आली, भरल्या घमेल्यात, पाण्याबाहेर न काढता. फांदीला सुपारीएवढा, पारदर्शक, बुळबुळीत गोळा चिकटलेला. मागून तलावात मासे धरणारी एक ढिवरीण हसत हसत दारापर्यंत आली होती. "अवो भाऊ, हे तुमची बहीण बेडकाचा शेंबूड घेऊन आली पाहा! आता याची भाजी करते म्हणते का?"

कौसल्याही हसली. त्या दिवसापासून त्या गोळ्याचं नाव पडलं शेंबड्या.

पाणी निवळल्यावर त्या गोळ्यावर बारीक बारीक तुरे उमलले. पांढरे, केसाहून बारीक, गोल पाकळ्यांसारखे. पेटीला टिचकी मारली की सगळे एकदम आत. शांत बसलं की पुन्हा हळूहळू बाहेर. चांद्याचे एक शाळामास्तर आले होते, ते म्हणाले हे झाड नाही, जीव आहे. समुद्रात मऊ पोवळी असतात, ती अशीच एकमेकांना धरून वाढतात, अशीच उघडतात आणि मिटतात. कौसल्याला समुद्राशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला एवढंच कळलं की हे जिवंत आहे, आणि तिच्या हातात आहे.

तिने त्याचं सगळं स्वतःच शोधून काढलं. ऊन थेट पडू द्यायचं नाही, पण अंधारही नको. पाणी तलावाचंच, तेही रात्रभर ठेवून गाळ बसलेलं, आणि बदलायचं ते एक तृतीयांश, त्याहून जास्त कधीच नाही. फांदी सुतळीने अधांतरी बांधायची, म्हणजे गोळा तळाच्या गाळाला टेकत नाही. वर घाण साचली की बोटाने पुसायची नाही — पाण्यात तळहात उभा धरून हळू हळू हलवायचा, लाटेनेच घाण सुटते. एक कड कुजायला लागली तेव्हा तिने ती कात्रीने कापून टाकली. मग निरोगी तुकडा एका गोट्याला दोऱ्याने सैल बांधला. काही दिवसांनी त्याने गोटा धरला. सुपारीचा आवळा झाला, आवळ्याचं लिंबू. मी टेप लावून मापायचो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

"वाढला का, भाऊ?"

"वाढला."

"माह्या हातानं वाढला पाह्य!"

हे ती कुणाला सांगत होती? मला? सासूला? बायको आतून म्हणायची, "तुमची बहीण त्या शेंबड्याले बाळंतविडा शिवाले बसली नाई म्हणजे झालं." तिघंही हसायचो. घर त्या दिवसांत चांगलं होतं.

माघात कौसल्या बाहेर बसली. मागच्या पडवीत चार दिवस, घरातल्या कशालाही शिवायचं नाही. जाण्याआधी मला म्हणाली, "भाऊ, पाणी बदलू नको. कमी झालं त होऊ दे. चार दिवस नुसतं पाह्य त्याच्याकडं."

मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला पाणी हिरवट दिसलं. ते तसंच असायचं, तिला ते तसंच हवं असायचं, कारण त्यातच त्याचं खाणं होतं. पण मला ते सहन होईना. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं — दुसरं काय? स्वयंपाकघरात आईचा तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, होता. बायकोने आदल्याच दिवशी चिंच लावून लखलखीत घासला होता आणि विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं. तांब्यातलं पाणी म्हणजे शुद्ध. आपण देवाला तेच वाहतो, दुखणाइताला तेच पाजतो. मी ते पाणी धोतराच्या पदरातून गाळलं आणि पेटीतलं जुनं जवळजवळ सगळं काढून हे भरलं. पेटी आरशासारखी दिसायला लागली. मी मागे होऊन बघत उभा राहिलो. खूश होतो.

तुरे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. पडवीतून कौसल्याने हाक दिली, "उघडला का, भाऊ?"

"उघडला."

"सगळा?"

"सगळा," मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो? ती उठून आत येऊ शकत नव्हती, मला कुणी धरलं नव्हतं. पण चुकलं असं म्हणायची मला सवय नव्हती. एवढंच कारण.

न्हाऊन ती पेटीकडे आली तेव्हा गोळा मिटून राखट झाला होता. तिने लगेच पाण्यात तळहात घातला आणि नेहमीसारखा हलवला. त्या लाटेनेच तो सुटला. दुपारपर्यंत सायीसारखे तुकडे तळाशी बसले, गोट्यावरचाही गेला. ती पेटीकडे बघत नव्हती. पाण्यातून काढलेल्या आपल्या हाताकडे बघत होती.

शेजारच्या काकी ताक मागायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सासू उगीच नव्हती म्हणत, बाई. हातगुण लागते." माझी बायको पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली. मी तिथेच होतो, टेप गुंडाळत. गुंड माझ्यापासून दोन हातांवर होता. एक वाक्य पुरलं असतं. काकींनी ताक घेतलं आणि त्या गेल्या.

रात्री बायको म्हणाली, "मले भेव वाटते, अवो. माह्या पोटाले तिचा हात नको लागू द्या." मी म्हणालो, असलं काही नसतं. ते म्हणणं सोपं होतं. कोणी मारलं ते मी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, तुला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं? माझीही पहिल्यांदा तीच पळवाट होती. पाणी थंड असेल, जीवाचं वय झालं असेल. पण मी मापाचा माणूस, अंदाजावर झोप लागत नाही. मी एकटा तलावावर गेलो, तसाच एक गोळा शोधला, त्याचे दोन तुकडे केले. डेपोच्या छपरीत लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत तलावाचं पाणी, दुसरीत तांब्यातलं. तलावाच्या पाण्यातला तुकडा उघडला. दुसरा उघडलाच नाही, आणि नंतर विरघळला. म्हणजे प्रश्न सुटला होता: माझ्या तांब्यातल्या पाण्यानेच तो मेला होता. मी दोन्ही बरण्या नालीत ओतल्या. जिवंत होता तोसुद्धा ओतला — आणि हे मला त्या पेटीपेक्षा जास्त लाजवतं. त्याला घरी नेला असता तर कुठून आणला, का आणला, हे सांगावं लागलं असतं.

फाल्गुनात मुलगा झाला. बारशाला नाव ठेवायचं आत्याने. पाळण्यात बाळ आत्याने घालायचं, कानात नाव आत्याने सांगायचं. आमच्याकडे ते दुसऱ्या कुणाचं काम नाही. बायका खोळंबल्या. कौसल्या दाराच्या चौकटीत उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. म्हणाली, "नको. कुणाच्या तरी पोरीले उभी करा. माहा हात नको." तिला कुणी आग्रह केला नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काकींच्या लेकीला बोलवा म्हणालो. ती आत्या झाली.

तेव्हापासून सात वर्षं ती माझ्या घरात आहे. स्वयंपाक करते, शेण काढते, धान पाखडते. मुलाला ती आवडते. तो तिच्या मागे मागे फिरतो. ती त्याचं ताट वाढते आणि खाली ठेवून मागे सरकते. हातात देत नाही. त्याला ताप आला की उंबऱ्यावर बसून राहते. मुलाला वाटतं सगळ्या आत्या अशाच असतात. आणि मी हे रोज जेवताना बघत आलो. मी जेवत होतो.

गेल्या महिन्यात मुलगा अंगणात आपटला. कपाळ फुटलं. ती सगळ्यांच्या आधी पोचली, वाकली, दोन्ही हात पुढे गेले — आणि तसेच हवेत थांबले. "वहिनी! धाव!" म्हणून ओरडली. मुलगा रडत तिच्याकडे हात करत होता. बायको आतून येईपर्यंत तो तसाच पडून राहिला, आणि ती तशीच वाकून.

दुपारी ती ओसरीवर तांदळातले खडे वेचत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. गुंड, पाणी, पडवीतून तिने विचारलं तेव्हा मी काय बोललो ते, बरण्या. काही गाळलं नाही.

तिची बोटं थांबली. तिने विचारलं, "तुले कवा समजलं?"

"बारशाच्या आधी," मी म्हणालो.

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. रडली नाही. मला वाटत होतं काहीतरी म्हणेल, शिवी देईल. मग म्हणाली, "आता तो कडेवर नाई बसत, भाऊ. मोठा झाला."

आणि सूप उचलून आत गेली.