वहिनींचा गार फेस

देवाने आजवर जेवढी नाकं घडवली, त्यांतलं सगळ्यांत तिखट नाक आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यांनी ते क्षणभरही रिकामं बसू दिलं नाही. मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न होऊन मी जबलपूरला आले, त्या दिवशी बाकीच्या बायकांनी माझ्या साडीचा पोत पाहिला, वहिनींनी जवळ येऊन नुसता श्वास घेतला आणि म्हणाल्या, "गाडीत शेजारी कोणी संत्री सोलून राहिलं होतं, नाही?" सोलत होतं, थेट नागपूरपासून. सराफ्यात खोव्याची जलेबी घ्यायला गेलो की त्या गल्लीच्या तोंडाशीच थांबायच्या. "आज नको. तूप कालचं आहे." ग्वारीघाटावर लोक आधी नर्मदेला हात जोडतात, वहिनी आधी पाण्याचा वास घ्यायच्या आणि वर कुठे पाऊस झाला ते सांगायच्या. तिथला एक नावाडी तर नाव सोडण्याआधी त्यांनाच विचारायचा, "दीदी, आज पानी का क्या हाल है?" भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, फॅक्टरीतून घरी आले की चपला काढायच्या आत वहिनींना कळायचं, आज आपण दिलेला डबा मित्राने खाल्ला आणि यांनी समोसा. भाऊजी म्हणायचे, "लपवण्यासारखं माझ्याजवळ कधी काही नव्हतं, पण नुसतं लपवून पाहायलासुद्धा मिळालं नाही."

मग साथीचा तो ताप आला. ताप आठवडाभरात उतरला, वहिनी उठून कामाला लागल्या. एका सकाळी त्या ओट्याशी कोथिंबीर निवडत उभ्या होत्या, आणि त्यांच्या कोपराजवळ गॅसवर डाळीचा कोळसा झाला. भाऊजी बाहेरच्या खोलीतून पळत आले तेव्हा घर धुराने भरलं होतं. वहिनींनी गॅस बंद केला, हातातली कोथिंबीर नाकाशी धरली, मग हिंगाची डबी उघडली, मग लसूण ठेचून पाहिला. शेवटी डबीला झाकण लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "काहीच नाही येऊन राहिलं."

डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, धीर धरा. तो आला नाही. वहिनींनी स्वयंपाकाला बाई लावली, कारण ज्याची खात्री नाही ते लोकांच्या पानात कसं वाढायचं. कोणाकडे जाणं सोडलं. दिवसातून दोन-तीनदा आंघोळ करू लागल्या; आपल्या अंगाला वास येत असेल आणि लोक तोंडावर बोलत नसतील, ही भीती त्यांना पोखरू लागली होती. कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी गेलं की त्या खिडकीशी बसलेल्या दिसायच्या, हात मांडीवर उलटे ठेवून. इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटातलं सांगणारी बाई, "चहा घेशील?" एवढंच विचारायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा बंगळूरहून सुट्टीवर आला. त्याचं मराठी कानात आहे, तोंडात थोडंच उतरतं. येताना त्याने बॅटरीवर चालणारी एक चिमुकली रवी आणली होती. "आई, देख, बस एवढंच करायचं," म्हणत त्याने फ्रीजमधलं गार दूध घेतलं, त्यात चमचाभर साय आणि साखरेचा पाक घातला, ती रवी फिरवली आणि जो घट्टसर फेस झाला तो बर्फाच्या काळ्या कॉफीवर अलगद ओतला. त्याला म्हणे कोल्ड फोम म्हणतात. पांढऱ्या फेसाच्या रेघा कॉफीत हळूहळू उतरू लागल्या. वहिनी वाकून पाहत राहिल्या. फेस जमला की नाही हे डोळ्यांना कळतं, रवीच्या आवाजावरून कळतं. त्यात नाकाला कोणी विचारत नाही.

मुलगा परत गेला आणि वहिनी फेसावर तुटून पडल्या. दूध किती गार हवं, साय जास्त झाली की फेस कसा जड होऊन बसतो, चमच्याच्या पाठीवरून ओतला की तो वर कसा तरंगतो, याखेरीज त्या घरात दुसरा विषय उरला नाही. वेलदोड्याचा फेस, केशराचा फेस, गुलकंदाचा फेस. एकदा ताकावर हिंग-जिऱ्याचासुद्धा. सिलिंडरवाला भैया पांढऱ्या मिशा घेऊन बाहेर पडायचा. मीटर वाचायला आलेला माणूस कोणत्या युनिटवर होता ते विसरायचा. भाऊजी म्हणायचे, "बायकोने तोंडाला फेस आणला, असं आता मी बिनधास्त सांगू शकतो." पहिल्यापहिल्यांदा चवी खरोखर छान जमायच्या, कारण हाताला जुनी मापं पाठ होती. मग हात भरकटू लागला. एका दुपारी केवड्याचा असा फेस झाला की लग्नमंडपात कोणी अंगावर अत्तरदाणी उपडी केल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "थोडा जास्त झालाय हं." वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पेला रिकामा करून म्हणाले, "उत्तम." ते सगळ्यालाच उत्तम म्हणत.

मे महिन्यात एकदा सकाळभर वीज नव्हती. दुपारी मी गेले तेव्हा वहिनी फेस ओतत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. भाऊजी प्यायला लागले होते. मी माझा पेला उचलणार, तर त्यांनी तो स्वतःकडे ओढला. "तुला खोकला आहे, तू राहू दे." मला खोकला नव्हता. त्यांनी तोही पेला संपवला.

संध्याकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि थांबेनात. दवाखान्यात सलाइन लावलं. वयाच्या मानाने अवघड आहे, असं डॉक्टर हळू आवाजात माझ्याशी बोलले. दूध नासलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊजी जरा सावरले तेव्हा वहिनी खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"तुम्हाला वास आला नव्हता का?"

"आला होता."

"मग काहून प्यायलात?"

भाऊजी म्हणाले, "तू गाणं म्हणून राहिली होतीस. तापानंतर पहिल्यांदाच."

वहिनींनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "नाक गेलं माझं. अक्कल नाही गेली. मला असं खेळवू नका."

घरी आल्यावर त्यांनी ती रवी दिवाळीच्या माळांबरोबर माळ्यावर टाकली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या. भाऊजींनी काहीतरी मनावर घेतलं ते तेव्हापासून. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि संकोचून म्हणाले, "वेलदोडा आणि जायफळ, डोळे मिटून कसे ओळखायचे गं?" जन्मात कधी स्वयंपाकघरात न गेलेले ते माझ्या ओट्याशी उभे राहून एकेक डबी हुंगू लागले. जिरं आणि ओवा चुकायचे, खजील व्हायचे, पुन्हा हुंगायचे. मग एका सकाळी मी तिथे असताना त्यांनी स्वतः स्टुलावर चढून रवी खाली काढली, दुधाचं पातेलं नाकाशी नेलं आणि वहिनींना म्हणाले, "दूध ताजं आहे. चलो, कर." वहिनींनी केला, अगदी मन मारून. भाऊजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "जायफळ जास्त झालं. पिववत नाही."

वहिनींनी तो पेला मोरीत ओतला आणि दुसऱ्यांदा दूध घेतलं. त्या मला पाठमोऱ्या होत्या, पण खांदे सैल झालेले दिसले.

वहिनींना वास अजून आलेला नाही, आणि आम्ही आता विचारतही नाही. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, सरबताचा हिरवट फेस चालला होता. बाटलीचं बूच हातात धरून त्या मध्येच थांबल्या.

"खसचा वास कसा असतो हो?"

भाऊजींनी विचार केला. "कूलरला नवी खस लावली की पहिल्या दिवशी येतो ना, ओल्या मातीसारखा. तसा."

"यंदा लावली आपण?"

"कालच लावली. हा समोर चालू आहे तो."

खोलीभर तोच वास होता. दारातून आत आल्याबरोबर मी छाती भरून घेतला होता. वहिनींनी बूच खाली ठेवलं, खुर्ची कूलरकडे वळवली आणि डोळे मिटून वाऱ्यात तोंड धरलं. बराच वेळ तशाच बसल्या. पेल्यांतला फेस विरत गेला. आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

"गार आहे," त्या म्हणाल्या.