दुधाच्या दुकानातला काळा चहा

त्या दुकानाची एक रीत होती. सकाळी शटर वर गेलं, की पहिल्या गिऱ्हाइकाच्या पातेल्यात थेंब पडायच्या आधी मालक स्वतः गल्ल्यासमोर उभे राहून पेलाभर दूध प्यायचे. सगळ्यांच्या देखत, घटाघटा, आणि वर पेला पालथा घालून दाखवायचे. फार पूर्वी कुणीतरी त्यांच्या दुधात भेसळ असल्याची आवई उठवली होती, तेव्हापासूनचं हे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मालकांनी उलटंच केलं, ते दूधच चारचौघांत प्यायला लागले. पुढे त्यांचा मुलगाही प्यायला लागला. पाटीवरचा रंग उडून नाव वाचता येईना, पण पेल्याची गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होती.

आणि अशा घरात सून आली, ती नेमकी दूध न पचणारी.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिच्या हातात पेला आला. माहेरी ती दुधाच्या वाटेला जात नसे. लहानपणी पोट बिघडायचं म्हणून तिच्या आईनं फार खोलात न शिरता कोरा चहा सुरू करून दिला होता. पण नव्या नवरीनं नाही म्हणायचं कसं? ती प्यायली. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात पोटात असा पीळ पडला, की ती कपाटाला धरून उभी राहिली. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि पोटदुखीवरचा घरचा उपाय आणला. कोमट दूध, साखर घालून! त्या घरात डोकं दुखलं तरी दूध, झोप येत नसली तरी दूध आणि फार झोप येत असली तरीही दूधच. सासूबाईंनी मायेनं आणलंय, म्हणून तिनं तेही घेतलं. पुढचं काय सांगायचं? त्या दिवशी संडासाच्या दाराची कडी तिला नवऱ्यापेक्षा जास्त ओळखीची झाली.

बरी झाल्यावर तिनं स्वयंपाकघरातच सांगून टाकलं.

“आई, ह्यापुढे मी दूध पिणार नाही. कोरा चहा घेईन.”

“दूधवाल्याच्या घरात?”

“दूधवाल्याच्याच घरात.”

तेव्हापासून तिचं नाव काळा चहा पडलं. “आला का आमचा काळा चहा?” सासूबाई विचारायच्या. “बघ हं, कोरा चहा पिऊन रंग जाईल, हाडं मोडतील.” ती म्हणायची, “रंग गेला तर गेला, पोट तरी जागेवर राहील.” दुकानाचं दही तीच लावायची आणि वाटीभर मजेत खायची, त्यानं तिला काही होत नसे. ह्यावरूनही बोलणी होतीच. दही पचतं आणि दूध पचत नाही, हे कुठलं पोट? नखरे, दुसरं काय!

मालकांनी मात्र तोडगा काढला. “पिऊ नकोस, पण गिऱ्हाइकाला कळू देऊ नकोस.” ती कबूल झाली. दुकानाच्या मागच्या खोलीत, दुधाच्या कॅनांआड उभी राहून कोरा चहा पिऊ लागली. तोंडानं एवढी तिखट बाई, पण ह्या एका गोष्टीत नमली, आणि पुढे ते तिच्या पोरीला भोवलं.

पोरीला सगळे छकुली म्हणत. ती खोक्यावर चढून गल्ल्याच्या वर दिसण्याइतकी झाली, तसा आजोबांनी रविवारचा पेला तिच्या हाती दिला. ओठांवर पांढरी मिशी काढून ती पेला पालथा घालायची आणि गिऱ्हाइकं खूश व्हायची. आजोबांची छाती फुगायची. छकुलीलाही ते कौतुक आवडायचं. मग हळूहळू रविवारची दुपार ती गुडघे पोटाशी घेऊन काढायला लागली. शाळेत जायच्या आधीचा पेला तर रोजचाच होता. वर्गात तिचं पोट गुडगुडायचं, बाकावरच्या मुली नाक धरून हसायच्या. बाईंनी निरोप पाठवला, ही शाळा बुडवायला पोटदुखीचं सोंग करते. घरी त्यावर उपाय ठरलेलाच होता, कोमट दूध.

एकदा छकुली आईच्या पदराला धरून म्हणाली, “मी खोटं नाही बोलत गं. तू तरी खरं मान.”

काळ्या चहाच्या डोक्यात तिडीक गेली. सासऱ्यांवर, सासूबाईंवर, शाळेच्या बाईंवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. जे दुखणं आपण भोगलं, ते कॅनांआड लपवून ठेवलं म्हणूनच आज पोरगी खोटी ठरत होती. तिनं हात पुसले आणि पोरीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “थोडे दिवस दूध पूर्ण बंद करून बघा. दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस काहींच्या पोटात वय वाढेल तसा कमी होतो. न पचलेलं दूध मग आत गडबड करतं. दही बहुतेकांना चालतं. दही, पालेभाजी, डाळी द्या, हाडांची काळजी करू नका.”

“बघ, सांगत होते ना!” काळा चहा पोरीकडे वळून म्हणाली.

“आणि तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. “दिवसभर काय पिता?”

“कोरा चहा.”

“जेवताना?”

“जेवताना, जेवल्यावर, कधीही.”

“मग डोळ्यांत लाली कुठून येणार? जेवणाला चिकटून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर तरी मध्ये जाऊ द्या. आणि रक्त तपासून घ्या.”

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. आपलंच खरं ठरवून घ्यायला गेली होती आणि अर्धंच पदरात घेऊन आली. पण चूक ती चूक, आपली आहे म्हणून गोड होत नाही. जेवल्याबरोबर लागणारा चहा तिनं त्याच दिवशी लांबवला. चिडचिड झाली, डोकं धरलं, भांडी आपटली, पण लांबवला.

दूध थांबलं तशी छकुली दुपारी उड्या मारायला लागली. तोवर रविवार आलाच. नवरा म्हणाला, “बाबांशी तूच बोल.” नवरा म्हणजे देवमाणूस, देवासारखाच, संकटात दिसायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, “दूध नको तर तुझ्यासारखा चहा दे तिला.” “लहान पोराला चहा नाही द्यायचा, आई. माझं खूळ तिच्या गळ्यात कशाला?” मालक काही बधेनात. “पलीकडच्या रस्त्याला नवं दुकान निघालंय, सूनबाई. नातीनं पेला उचलला नाही, तर लोक काय समजतील? एका पेल्यानं काही होत नाही.”

रविवारी दुकान भरलं. मालक प्यायले, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी दुसरा पेला भरून खोक्यावर उभ्या छकुलीपुढे धरला. पोरीनं मागच्या खोलीकडे पाहिलं.

काळा चहा ओल्या हातांनीच बाहेर आली. तिनं पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि सगळ्यांसमोर पालथा घातला.

“वा, सूनबाई!” मालकांचा चेहरा उजळला.

“आज गल्ल्यावर मी उभी राहते, बाबा. तुम्ही इथंच बसा. कुठं जाऊ नका.”

ती मापं भरू लागली. गर्दी सरत होती, नवी येत होती. थोड्या वेळानं तिच्या पोटातून असा आवाज आला, की रांगेतल्या निवृत्त कंडक्टरनं मागं वळून बघितलं.

“मागं काय बघता? माझंच पोट आहे ते,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “दूध चोख आहे, मी स्वतः तापवलंय. पण मला सोसत नाही. माझ्या पोरीलाही सोसत नाही. सोंग नाही हे!”

माप खाली ठेवून ती आत पळाली. परत आली, कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि पुन्हा माप हातात घेतलं. मग पुन्हा पळाली.

“आत जाऊन पड गं,” मालक हळूच म्हणाले. “लोक बघतायत.”

“बघू देत. पेला बघितला ना लोकांनी? मग पुढचंही बघू देत!”

इतकी वर्षं हे सगळं कॅनांच्या पलीकडे चाललं होतं. आज ते मालकांच्या पुढ्यात, गल्ल्याला धरून वाकलं होतं, आणि खोक्यावरून उतरलेली छकुली आईची पाठ चोळत होती. रडत नव्हती. आपल्याला जे होतं तेच हे, हे तिला ठाऊक होतं.

कंडक्टर खाकरला. “मालक, खरं सांगू? माझंही असंच होतं. मी नेलेलं दूध मांजर पितं. दही आहे का?”

इतक्यात सासूबाई लगबगीनं बाहेर आल्या. हातात वाफाळता पेला. सुनेचं पोट दुखतंय म्हटल्यावर त्यांना दुसरं सुचणार काय? कोमट दूध, साखर घालून.

मालकांनी त्या पेल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग नातीकडे.

“अगं, ते परत ने,” ते म्हणाले. “तिला साधं पाणी आण.”

पुढच्या रविवारी मालक नेहमीसारखे प्यायले. दुसरा पेला त्यांनी भरलाच नाही. कॅनांआडचा कोऱ्या चहाचा कप आता गल्ल्यावर सगळ्यांच्या देखत होता, पण रिकामा; न्याहारी होऊन अजून तास झाला नव्हता. रांगेतल्या एका बाईंनी डोळे बारीक केले. “आज नात नाही प्यायली? दुधात काही आहे वाटतं.”

मालकांनी तोंड उघडलं, पण खोक्यावरून आवाज आधी आला, थेट आईचा खणखणीतपणा घेऊन.

“दूध चांगलं आहे. मला सोसत नाही. तुम्हाला किती देऊ?”