आतोबांची तळ्याकाठची वाट

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता, बडोद्यापासून तासाभरावरच्या एका तळ्याकाठी, आमच्या आतोबांवर अन्याय झाला. चालण्यावर एवढा जीव असलेला माणूस दांडिया बाजारातच काय, अख्ख्या गुजरातेत नाही, हे मी लिहून देते.

त्या गावात संस्थानी काळात एक मराठी शाळामास्तर राहायचे. तळ्याला फेरी मारता मारता कविता करायचे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर आतोबांना त्यांचा संग्रह सापडला आणि त्यांनी किलोमीटर सोडूनच दिले. बसथांब्यापासून मास्तरांचं घर किती लांब? "दीड कविता." देवळापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत? "तीन कडवी, पण सावकाश म्हणायची." दर रविवारी नातेवाइकांना बसमध्ये कोंबून न्यायचं आणि ज्या कडव्याची जी जागा, तिथेच ते मोठ्याने म्हणायला लावायचं. माझ्या ताईच्या नवऱ्याने मोरीजवळ एक कडवं गाळलं, तर म्हणाले, "जावईबापू, तेवढा रस्ता तुम्ही चाललाच नाहीत. फिरा मागे." बिचारा फिरला. नव्या बुटांत! फेरी संपेपर्यंत सेवउसळसुद्धा बंद, का तर भरल्या तोंडाने कविता येत नाही.

त्या रविवारी मोरीपलीकडे तारेचं कुंपण! आत हिरवळ, झोपाळे आणि शिट्टीवाला वॉचमन.

"काका, बंध छे. रिसॉर्टना मेहमान माटेज." म्हणजे वाट आता फक्त रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी.

"अरे भाई, आ तो गामनो रस्तो छे!"

"हतो, काका."

'होता' म्हणे! मी स्फोटाची वाट बघत राहिले. बसच्या पाटीवर गावाचं नाव चुकलं म्हणून डेपोत दोन तास ठाण मांडणारा हा माणूस. तो म्हणाला, "चल, घरी जाऊ." मी हादरलेच. परतीच्या बसमध्ये खोदून विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटच्या चार कविता पलीकडच्या काठाच्या आहेत गं. घरी बसून त्या येत नाहीत मला. पाय चालले तरच आठवतात."

आतोबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. परवा आत्या म्हणाली, "कॅनव्हासचे बूट पुसतात आणि परत कपाटात ठेवतात."

मी सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "बेन, कुणाची तक्रारच आली नाही. त्या वाटेने चालतं कोण?"

ऐकलंत? येत्या रविवारी सकाळी सात वाजता दांडिया बाजारच्या नाक्यावर या. सही नको, फोटो नको. तिथून बसने तळ्यावर जाऊ. कुंपणापर्यंत चालत चला आणि आमची वाट परत मागा.